खासबागेच्या गावात ‘ग्लॅडिएटर’

कोल्हापुरात पडद्यावर दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहिली की प्रेक्षक गोष्ट जरा बाजूला ठेवतो आणि आधी पवित्रा बघतो. वजन कुठल्या पायावर टाकलंय, नजर हातावर आहे की खांद्यावर, दम राखून लढतोय की उगाच उधळतोय. संगीत, संवाद, सेट यांचा नंबर नंतर. मी इथल्या एका महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवायचो आणि रोमन साम्राज्याच्या धड्याला जोडून रिडली स्कॉटचा ‘ग्लॅडिएटर’ दर वर्षी नव्या तुकडीला दाखवायचो. सिनेमा २००० सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपट धरून पाच ऑस्कर मिळालेला. पण ऑस्करची गोष्ट मी सिनेमा संपल्यावर सांगायचो. आधी सांगितली की मुलं मत द्यायच्या ऐवजी माना डोलावतात.

सुरुवातीच्या वर्षांत व्हीसीडी होती. मध्येच उठून तबकडी बदलायची, खाली भाषांतराची ओळ नाही, आणि भारनियमन येताना पटकथेचा विचार करायचं नाही. नायक मॅक्सिमस घोडा पिटाळत घरी निघालाय, बायको आणि पोरगा वाचणार की नाही कळेना, आणि खोलीत अंधार. खरी मतं मला त्या अंधारात ऐकायला मिळाली. उजेडात सरांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन बोलणारी पोरं दिवे गेले की मोकळी व्हायची. कुणी म्हणायचं, इंग्रजी कळत नाही पण काही अडत नाही. कुणाला नायक फार रडका वाटायचा. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “एवढा मोठा सेनापती, पण घराकडं एक माणूस आधी धाडायला काय झालं हुतं?” या प्रश्नाचं उत्तर पटकथाकारांकडेही नसावं.

पण जवळजवळ प्रत्येक तुकडीचं पहिलं मत पडायचं ते एका बारीकशा कृतीवर. जर्मेनियातल्या लढाईच्या आधी मॅक्सिमस झालेला रसेल क्रो खाली वाकतो, थोडी माती उचलतो, तळव्यांत चोळतो आणि नाकाशी नेतो. पुढे लढायला उतरताना पुन्हा पुन्हा तेच. दिग्दर्शकाला त्यातून शेताकडे परतू पाहणारा माणूस दाखवायचा होता हे उघड आहे. आमच्या वर्गात मात्र तालमीत राहणारी दोन-चार पोरं असायचीच. पहाटे जोर-बैठका, दिवसा कॉलेज, कान मोडलेले, बाकावर मावत नाहीत असे खांदे. त्यातला कागलकडचा एक जण पहिल्या मातीलाच जागेवरून उठला. “सर, ह्यो गडी मातीतला हाय!”

वर्ग हसला, पण तो थट्टा करत नव्हता. सिनेमा थांबवून मी त्याला पुढे बोलावलं. त्यानं हात करून दाखवलं: उतरल्यावर आधी माती कपाळाला, मग दोन्ही हातांना चोळायची, म्हणजे घामानं पकड सुटत नाही, आणि मग समोरच्याच्याही अंगावर टाकायची, म्हणजे त्यालाही तक्रारीला जागा राहू नये. “ह्यानं शेवटचं न्हाई केलं,” तो म्हणाला. मग जरा विचार करून, “तलवार हाय म्हणून आसंल.” त्या दिवसानंतर त्या तुकडीला मॅक्सिमस स्पेनचा वाटलाच नाही. तो गंगावेशीच्या तालमीतला झाला.

त्यात कोल्हापूरचं आणखी एक आहे. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्या धर्तीवर इथं खासबागेत कुस्त्यांचं मैदान बांधून घेतलं. ते १९१२ मध्ये खुलं झालं. मधे मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. त्यामुळे मॅक्सिमस अंधाऱ्या बोळातून कलोसियमच्या उजेडात येतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती गरागरा फिरतो तेव्हा इतर गावांतले प्रेक्षक म्हणे दिपून जातात. आमच्याकडे कुणीतरी हटकून म्हणायचं, “खासबागच की!” मी मग धडाच उलट्या टोकाकडून शिकवायला लागलो. खासबाग घ्या, ते लंबगोल करा, भोवती चार मजली दगडी भिंत उभी करा, साधारण पन्नास हजार माणसं बसवा, आणि इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसच्या हस्ते उद्‌घाटन करा. पुढच्या रांगेत सिनेटर, त्यांच्या मागं दर्जाप्रमाणे बाकीचे, आणि बायका पार वर, कारण ऑगस्टसच्या वेळेपासूनचा तसा नियम होता. हे फळ्यावर लिहून दिलं असतं तर परीक्षेपुरतं राहिलं असतं.

आमच्या दृक्‌श्राव्य खोलीचे मामा दर वर्षी दाराशी स्टूल टाकून सिनेमा बघायचे, पण एका ठिकाणापर्यंतच. म्हातारा सम्राट मार्कस ऑरेलियस तंबूत मुलाला बोलावतो, राज्य तुला नाही, मॅक्सिमसला देणार असं सांगतो, आणि मुलगा त्याला छातीशी कवटाळून गुदमरवून मारतो. इथं मामा उठायचे. त्यांच्या लेखी सिनेमा संपलेला असायचा. “म्हाताऱ्यानं चूक केली बघा. वाटणीचं बोलणं एकट्या पोरापाशी करत्यात व्हय? चार माणसं बसवायची, पंचांपुढं बोलायचं. सैन्य काय कमी हुतं बाहेर?” त्यांच्या गावाकडे वाटणीवरून काय काय झालं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या प्रसंगाबद्दल इतकं नेमकं मत मी छापलेल्या परीक्षणांत वाचलेलं नाही.

मामांना मी खरा इतिहास सांगितला तेव्हा ते जास्तच चिडले. खऱ्या मार्कस ऑरेलियसनं इसवी सन १७७ मध्येच मुलाला, कॉमोडसला, सहसम्राट केलं होतं. वाटणी झालेली होती, तीही चारचौघांत. १८० साली म्हातारा छावणीवरच आजारपणानं गेला, बहुधा साथीत, आणि पोरगा बिनबोभाट गादीवर बसला. नेर्वापासून ओळीनं राजांनी कर्तबगार माणूस दत्तक घेऊन राज्य दिलं होतं. पोटच्या पोराला दिलं ते या तत्त्वज्ञ राजानं. “म्हंजे शाणाच माणूस आसं करतोय,” मामा म्हणाले आणि दाराला कडी लावून निघून गेले.

सिनेमा संपल्यावर एक प्रश्न ठरलेला: सर, खरंच असं झालं होतं का? माझे काही सहकारी या प्रश्नाला कंटाळायचे. मला तो एवढा आवडायचा की त्यासाठीच मी सिनेमा लावत होतो असं म्हटलं तरी चालेल. उत्तर द्यायला सोपं होतं. मॅक्सिमस नावाचा असा सेनापती झाला नाही. कॉमोडस दोनेक वर्षांत नव्हे तर बारा वर्षं राज्य करून मेला, ३१ डिसेंबर १९२ रोजी, आणि आखाड्यात नाही. आधी जेवणातून विष घातलं, ते उलटून पडलं. मग कटवाल्यांनी त्याच्याच तालमीतला नार्सिसस नावाचा पैलवान स्नानगृहात पाठवला. त्यानं गळा आवळून मारलं.

इथं शिट्टी यायची. दर वर्षी. आणि मग वर्ग भडकायचा: राजाला मारला पैलवानानं, आणि सिनेमात पैलवानाचं नावसुद्धा नाही? तालमीतल्या पोरांना हा सरळसरळ अन्याय वाटायचा. पटकथेच्या सुरुवातीच्या एका खर्ड्यात नायकाचं नाव नार्सिससच होतं, हे सांगितल्यावर तर ती जखमेवर मीठ चोळल्यासारखी बघायची.

मग मी त्यांना इतिहासकार दिओ कॅसियस वाचून दाखवायचो, म्हणजे त्यातलं मराठीत सांगायचो. हा दिओ कॉमोडसच्या काळात तरुण सिनेटर होता आणि कलोसियमच्या पुढच्या रांगेत बसून त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. प्राचीन काळातल्या खऱ्याखुऱ्या प्रेक्षकाचं मत हवं असेल तर ते इथं आहे. कॉमोडस स्वतः ग्लॅडिएटर म्हणून उतरायचा, हे सिनेमातलं सगळ्यात अशक्य वाटणारं प्रकरण खरं आहे. मात्र लोकांसमोर लढताना त्याच्या हातात लाकडी तलवार असायची, ती डाव्या हातात, कारण आपण डावखुरे आहोत याचा त्याला फार अभिमान. समोरच्याच्या हातात तेवढंही नाही, नुसती काठी. आणि जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं.

“नुरा!” वर्ग एका सुरात. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला दुसरं नावच नाही.

त्यात राजा दिवसाचे दहा लाख सेस्टर्स बिदागी घ्यायचा, ग्लॅडिएटरांसाठी राखलेल्या निधीतून. कॉमर्स सोडून आमच्याकडे आलेल्या एका मुलानं हिशेब मांडला. मी आदल्या आठवड्यात रोमन लेखक प्लिनीची तक्रार शिकवली होती, की हिंदुस्थान दर वर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे, तो म्हणाला, हा एकटा पन्नास दिवसांत हिंदुस्थानचा वर्षाचा व्यापार खातो. दोघांत शंभरेक वर्षांचं अंतर आहे, पैशाची किंमत बदललेली असणार, हे सगळं मी सांगितलं. पण आकडा वर्गाच्या डोक्यात बसला तो बसलाच, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

आता शहामृगाचा प्रसंग. एके दिवशी कॉमोडसनं आखाड्यात शहामृगाचं मुंडकं उडवलं, एका हातात ते मुंडकं आणि दुसऱ्या हातात रक्ताळलेली तलवार घेऊन तो सिनेटर बसले होते तिथं आला. बोलला काहीच नाही. नुसती मान हलवून हसला. अर्थ सगळ्यांना कळला. आणि दिओ लिहितो की आपल्याला संताप आला नाही, हसू आलं. हसला असता तर त्याच तलवारीनं जागीच मेला असता. म्हणून त्यानं डोक्यावरच्या माळेतली लॉरेलची पानं तोडून तोंडात घातली आणि चघळत बसला, शेजारच्यांनाही चघळायला लावली. जबडा हलत राहिला की हसतोय की खातोय ते कळत नाही.

हे ऐकताना वर्गात जी शांतता व्हायची ती सिनेमाच्या कुठल्याही प्रसंगाला झाली नाही. हा प्रसंग सिनेमात का घेतला नाही, असं मुलं विचारायची. मला वाटतं, घेतला असता तर प्रेक्षक हसला असता, आणि मग पुढचे दोन तास खलनायकाला घाबरला नसता. मी एका वर्षी त्यावर पानभर लिहून आणायला सांगितलं: तुम्ही त्या रांगेत असता तर? बऱ्याच जणांनी शूरपणा केला होता. कुणी उठून जाब विचारला होता, कुणी राजाला आव्हान दिलं होतं. गगनबावड्याकडून येणाऱ्या एका मुलीनं चारच ओळी लिहिल्या होत्या. तिनं लिहिलं, मी पार वरच्या रांगेत असते, बायकांच्यात, तिथून मुंडकं दिसलं नसतं, पण खालची मोठी माणसं काहीतरी चघळताहेत एवढं दिसलं असतं आणि ती जेवायला बसलीत असं वाटलं असतं. मी तो कागद जपून ठेवला आहे. अंतरावरून बघणाऱ्याचं मत कसं बनतं, यावर संशोधनपद्धतीच्या तासाला मी नंतर तोच वापरला.

मुलींची मतं एकूणच वेगळ्या जागी पडायची. मुलगे मॅक्सिमसवरून भांडत असताना त्या कॉमोडसच्या बहिणीकडे, ल्युसिलाकडे, बघत असायच्या. सगळ्यात शहाणी तीच, सगळा कट तिचाच, आणि शेवटी तिच्या वाट्याला काय, तर मेलेल्या पुरुषाशेजारी उभं राहून दोन वाक्यं बोलणं. खऱ्या ल्युसिलाचं काय झालं हे विचारणारी मुलगी प्रत्येक तुकडीत निघायची. ती भावाच्या आधीच गेली. १८२ च्या सुमारास तिचा कट फसला, तिला काप्री बेटावर हद्दपार केलं आणि तिथं मारलं. “म्हणजे सिनेमानं तिला जिवंत ठेवून काहीच करू दिलं नाही,” एक जण म्हणाली. मी यावर वाद घालायला गेलो नाही.

चुका काढणारा प्रेक्षक ही वेगळी जात. रोमन घोडेस्वारांना रिकीब माहीत नव्हती आणि सिनेमात पाय रिकिबीत आहेत. कार्थेजच्या लढाईच्या देखाव्यात रथ उलटतो तेव्हा त्याच्या मागं गॅसची टाकी दिसते. ही टाकी शोधण्यासाठी पोरं तो तुकडा मागं-पुढं करायला लावायची आणि सापडली की लॉटरी लागल्यासारखी ओरडायची. अंगठ्याचं तसंच. अंगठा खाली म्हणजे मरण, हे सिनेमाला जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रातून मिळालं. स्कॉट या सिनेमाला तयार झाला तोच ते चित्र बघून. रोमन प्रेक्षक अंगठा नेमका कुठं करायचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे सगळं मी सांगायचो, पण घाईघाईत. टाकी सापडलेला मुलगा त्या दिवसापुरता सुखी होतो आणि पुढं काही विचारत नाही. खरंच असं झालं होतं का, असं विचारणारा दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येतो.

वर्षं गेली तशी मतंही हलली. ‘बाहुबली’नंतर आलेल्या मुलांना जर्मेनियातली लढाई एकदम लहान वाटायला लागली. “सर, सैन्य कमी आहे.” इंग्लंडमधल्या एका रानात खऱ्या माणसांना घेऊन, खरी झाडं जाळून केलेली ती लढाई आहे, हे सांगून उपयोग नव्हता. डोळ्याला एकदा लाखाची सवय लागली की हजार दिसत नाहीत. २०१९ मध्ये ‘जोकर’ आला आणि पुढच्या तुकड्या खलनायकाकडूनच बोलायला लागल्या. कॉमोडस झालेल्या वाकिन फिनिक्सला त्यांनी आधी तिकडे पाहिलं होतं. बापानं जवळ केलं नाही म्हणून तो असा झाला, असं तावातावानं सांगणारी मुलं मला पहिल्या वर्षांत एकही भेटली नव्हती. पहिल्या तुकड्या त्याला शिव्या घालायच्या. सिनेमा तोच, फीतसुद्धा तीच. बघणारा दुसऱ्या पिक्चरमधून उठून आलेला.

एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, कोल्हापूरच्या पोरांना रोमचं काय? म्हणून पोरांना मी टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायचो. १९४४-४५ च्या सुमारास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा तिथं पोसायडन या समुद्रदेवाची वीतभर कांस्यमूर्ती सापडली. सातवाहनांचा काळ, पंचगंगेचा काठ, आणि हा ग्रीक-रोमन देव. सिनेमा न पाहिलेली तुकडी त्या मूर्तीसमोरून चालत जायची. सिनेमा पाहिलेली थांबायची आणि विचारायची, हा इथवर आला कसा. कॉमोडस शहामृग मारत होता त्याच शतकात आपल्या किनाऱ्यावर कल्याण-सोपाऱ्याला माल उतरत होता आणि घाट चढून तेर-पैठणला जात होता, हे त्या मूर्तीसमोर उभं राहून सांगितलं की पटायचं.

दिओनंच आणखी एक नोंद केली आहे, जी मी मुद्दाम शेवटच्या तासाला ठेवायचो. कॉमोडस लढायचा तेव्हा सिनेटरांना ठरवून दिलेल्या घोषणा द्याव्या लागत. तू स्वामी, तू पहिला, तूच विजयी, अशा अर्थाच्या. तो मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याच घोषणा, त्याच चालीवर, शब्द थोडे वेडेवाकडे करून दिल्या. वर्गात यावर चर्चा घडवावी लागत नसे. महापालिकेच्या निवडणुका सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण मतं घरपोच यायला लागली. जुन्या तुकड्यांतले विद्यार्थी फोन करत होते. काराकाला आणि गेटा हे सम्राट भाऊ जुळे होते का? नव्हते, वर्षभराचं अंतर होतं, आणि मोठ्यानं धाकट्याला आईच्या मिठीतच मारवलं. डेन्झेल वॉशिंग्टनचा मॅक्रिनस खरा का? हो, २१७ मध्ये सम्राट झाला, बाकी सगळं सिनेमाचं. ल्युसिला कशी काय जिवंत? इथं मी गप्प.

कागलकडचा तो आता स्वतः वस्ताद आहे, पोरं तयार करतो. त्यानं पोरांना घेऊन जाऊन सिनेमा पाहिला आणि रात्री फोन केला. गेंडा त्याला पटला, कारण कलोसियममध्ये गेंडा लढल्याचं मीच शिकवलं होतं. पाणी भरून नावांची लढाई, तीही पटली, टायटसनं केल्याचं त्याला आठवत होतं. अडलं ते शार्कपाशी. “सर, खारट पाण्यातला मासा त्या हौद्यात जगंल का?” मला काय माहीत. मी आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बुल शार्क म्हणून एक जात आहे, ती गोड्या पाण्यातही राहते, नदीत आतपर्यंत शिरते. मी वस्तादाला तसं कळवलं. त्यानं लगेच उलट विचारलं, की मासा जगंल हो, पण समुद्रावरनं रोमपर्यंत आणला कशातनं? बैलगाडीतनं? मॅडमनी तो प्रश्न इतिहासाचा आहे असं सांगून माझ्याकडे परत पाठवला आहे.